रनरच्या वाटेत कोण कडमडलं? वाचकांचे प्रश्न, अंपायरकाकांची उत्तरं

गेल्या अंकात बेसबॉलची तोंडओळख करून दिली तेव्हा वाटलं होतं की लोक होम रनबद्दल विचारतील, फार तर पिचर किती जोरात फेकतो ते विचारतील, पण निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आले. पळणाऱ्याच्या वाटेत फिल्डर आला तर अंपायर नक्की काय बघतो? याला बेसबॉलमध्ये ऑब्स्ट्रक्शन म्हणतात, आणि मराठी माणूस क्रिकेटची अक्कल घेऊन ते बघायला बसतो म्हणून हमखास गोंधळतो, मीपण गोंधळलो होतो. तेव्हा ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. आधी एका दमात उजळणी: बॅटर बॉल मारून पळाला की तो रनर, फर्स्ट, सेकंड, थर्ड ह्या बेसना शिवून परत होम प्लेटला पोचला की रन, बेसवर नसताना फिल्डरनं हातातला बॉल त्याला लावला (हाच टॅग) की आऊट, तीन आऊट झाले की बॅटिंग संपली, आणि होमच्या मागे बसतो तो कॅचर. माझी पात्रता एवढीच की न्यू जर्सीत गेली अकरा वर्षं शनिवारी सकाळी लहान मुलांच्या मॅचना अंपायर म्हणून उभा राहतो. घरात कुणी ऐकत नाही म्हणून मैदानावर जाऊन निर्णय देतो असं बायकोचं म्हणणं आहे, त्यावर अपील नाही.

प्रश्न : २०१३ च्या वर्ल्ड सिरीजची क्लिप बघितली. थर्ड बेसवरचा फिल्डर बॉलसाठी झेपावला, पडला, आणि उठायच्या आत रनर त्याला अडखळून धडपडला. त्यानं मुद्दाम काहीच केलेलं नाही, तरी रन दिला आणि मॅच संपवली. हा कुठला न्याय? (एक क्रिकेटवेडा, पुणे)

ही क्लिप दर ऑक्टोबरला मला कुणी ना कुणी पाठवतंच. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी आधी प्रसंग सांगतो. २६ ऑक्टोबर २०१३, सेंट लुईसचं बुश स्टेडियम, कार्डिनल्स विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स, वर्ल्ड सिरीजची (म्हणजे अमेरिकेतल्या मेजर लीगच्या फायनलची) तिसरी मॅच. नववी म्हणजे शेवटची इनिंग, यजमान कार्डिनल्सची बॅटिंग, स्कोर ४-४, एक आऊट, थर्डवर याडिएर मोलिना आणि सेकंडवर अॅलन क्रेग. जॉन जेनं जमिनीलगत मारलेला बॉल डस्टिन पेड्रोयानं डाईव्ह मारून अडवला आणि होमला फेकला, तिथं कॅचर सॉल्टालामाकियानं मोलिनाला टॅग केलं, झाले दोन आऊट. इथंच थांबला असता तर बॉस्टनचं काही बिघडलं नसतं. पण क्रेग थर्डकडे पळताना दिसला आणि ह्या भिडूला मोह झाला, फेकला थर्डला, थ्रो गेला भलतीकडे, विल मिडलब्रुक्स त्याच्यासाठी अंग टाकून झेपावला तरी बॉल त्याला चुकवून लेफ्ट फील्डच्या दिशेला पळाला.

आता इथं क्लिप हळू करून बघा. क्रेग थर्डवर सरपटत आलेला, बॉल गेलेला बघून उठतो आणि होमकडे वळतो, आणि मिडलब्रुक्स बरोबर त्याच्या वाटेत पोटावर आडवा पडलेला आहे. क्रेग त्याला ओलांडायला जातो, हात त्याच्या पाठीवर टेकतो, तेवढ्यात मिडलब्रुक्सचे दोन्ही पाय गुडघ्यातून वर येतात आणि क्रेग कोलमडतो. त्यात क्रेगचा एक पाय आधीच दुखावलेला, त्याच दुखण्यातून तो नुकता परत आला होता, त्यामुळे उठून जो पळाला तो अक्षरशः लंगडत. तिकडून डॅनियल नावानं बॉल उचलून होमला फेकला, कॅचरनं क्रेगला प्लेटच्या आधीच टॅग केलं, बॉस्टनवाल्यांना वाटलं आऊट, आणि होम प्लेटचा अंपायर डेना डीमुथ हात पसरून सेफ दाखवतोय आणि थर्डकडे बोट करतोय. कारण थर्डवरच्या जिम जॉइसनं केव्हाच बोट दाखवून ऑब्स्ट्रक्शन पुकारलं होतं. ५-४, मॅच खलास. वर्ल्ड सिरीजची मॅच ऑब्स्ट्रक्शनच्या कॉलवर संपायची ही पहिलीच वेळ.

आता तुमचा मुद्दा, मुद्दाम केलं का? तर अंपायर हा प्रश्न विचारतच नाही. नियमाची व्याख्या अगदी कोरडी आहे. ज्याच्या हातात बॉल नाही आणि जो बॉल अडवण्या-पकडण्याच्या क्रियेतही नाही, अशा फिल्डरमुळे रनरची वाटचाल खोळंबली तर ते ऑब्स्ट्रक्शन. बस. हेतूचा 'ह' नाही त्यात. रनरच्या वाटेत उभं राहायचे फिल्डरकडे दोनच परवाने, एकतर बॉल हातात आहे किंवा बॉल घेतोय. बॉल चुकला की त्या क्षणी दुसरा परवानाही रद्द. आणि गंमत म्हणजे नियमाच्या पुस्तकातल्या टिपेत जवळजवळ हेच चित्र आधीपासून काढून ठेवलंय, की फिल्डर बॉलसाठी झेपावला, बॉल निसटून गेला, आणि तो जमिनीवर पडूनच राहिला आणि त्यामुळे रनर अडला तर बहुतेक करून ते ऑब्स्ट्रक्शनच. नियम कुठला लावायचा ह्यासाठी जॉइसला डोकं खाजवायची वेळच आली नसणार.

उठायला वेळ कुठं मिळाला बिचाऱ्याला, असं तुम्ही म्हणाल. नाही मिळाला, खरंय. पण बिचारा तर क्रेगपण आहे ना? दोघांपैकी एकाच्या वाट्याला नुकसान येणारच आहे, आणि बॉल ज्यांनी भलतीकडे फेकला त्यांच्या वाट्याला ते आलं, मला तरी यात अन्याय दिसत नाही.

क्रिकेटमध्ये बरोबर उलटं आहे म्हणून आपल्याला हे पचत नाही. आठवतंय का, १८ जून २०१५, मिरपूर, धोनी रन काढायला पळतोय आणि मुस्तफिझूर, पहिलीच वनडे खेळणारं पोरगं, बॉलिंग टाकून मधेच उभा? धोनीनं त्याला खांद्यानं ढकललं आणि पुढं गेला. रनचा हिशेब कुणी केला नाही, पण नंतर मॅच रेफ्रीनं दोघांनाही दंड केला, धोनीला मॅच फीच्या ७५ टक्के आणि मुस्तफिझूरला ५० टक्के. म्हणजे विचार असा की वागणं कुणाचं चुकलं. क्रिकेटच्या कायद्यातही फिल्डरनं बॅट्समनला अडवलं तर पाच पेनल्टी रन आहेत, पण ते जाणूनबुजून अडवलं तरच. बेसबॉलचा अंपायर वागणुकीचं प्रगतिपुस्तक भरत नाही, तो फक्त विचारतो की हा मधे आला नसता तर रनर कुठवर गेला असता? क्रेगच्या बाबतीत टॅग थोडक्यात झाला होता, म्हणजे न धडपडता तो आरामात पोचला असता, म्हणून रन.

जाता जाता, हा तोच जिम जॉइस. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये पिचर आर्मांडो गलारागाचा परफेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर पोचू न देता काढलेली मॅच) शेवटच्या एका आऊटवर असताना ह्यानं फर्स्ट बेसवर आऊटला सेफ दिलं आणि नंतर चुकलो म्हणून सरळ कबूल केलं. त्या माणसाला लोक त्या एका चुकीसाठी लक्षात ठेवतात, पण माझ्या मते २०१३ चा कॉल त्यापेक्षा कितीतरी अवघड होता आणि तो त्यानं बरोबर दिला. सिरीज शेवटी बॉस्टननंच ४-२ नं मारली, त्यामुळे तिकडचे लोकही आता यावर फार भांडत नाहीत.

प्रश्न : ऑब्स्ट्रक्शन दिसलं तर अंपायर खेळ थांबवत का नाही? नुसतं बोट दाखवून गप्प का उभा राहतो? (टोरांटोहून एक वाचक)

इथंच तर घोडं पेंड खातं. आणि ह्यातच अंपायरिंगची खरी मजा आहे, त्यामुळे जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

ऑब्स्ट्रक्शनचे दोन प्रकार. अंपायर लोक आपसात अजून त्यांना टाईप ए आणि टाईप बी म्हणतात. पहिला प्रकार म्हणजे ज्या रनरला अडवलं त्यालाच आऊट करायचा त्या क्षणी प्रयत्न चालू होता, बॉल त्याच्याच मागे होता. किंवा बॅटर फर्स्ट बेसला पोचायच्या आतच अडवला गेला. इथं अंपायर लगेच दोन्ही हात वर करून टाईम घेतो, बॉल डेड, खेळ बंद. आणि त्या रनरला शेवटचा जो बेस त्यानं नियमानुसार टच केला होता त्याच्यापुढचा निदान एक बेस तरी मिळतोच.

ह्या 'निदान एक'मधून गमती होतात. समजा रनर फर्स्ट आणि सेकंडच्या मधे सापडलाय, दोन्हीकडून फिल्डर त्याला हुसकावतायत, आपल्याकडे पोरं मांजरीला गल्लीत कोंडतात तसं, आणि तो जीव वाचवायला परत फर्स्टकडे पळतोय. तेवढ्यात ज्याच्याकडे बॉल नाही असा फिल्डर त्याला आडवा येतो. काय मिळणार? फर्स्ट? नाही, सेकंड! पळत होता मागे, मिळाला पुढचा बेस. पहिल्यांदा हा कॉल दिला तेव्हा एका कोचनं माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या किराण्याच्या बिलात दुसऱ्याचं सामान घातलंय.

दुसरा प्रकार म्हणजे रनर अडला पण त्या वेळी त्याच्यावर कुठलाही प्ले चालू नव्हता. बॉल तिकडे आउटफिल्डमध्ये लोळतोय आणि इकडे बेसला वळसा घालताना फिल्डरशी टक्कर झाली. क्रेगचं हेच होतं, तो अडखळला तेव्हा बॉल लेफ्ट फील्डमध्ये होता. इथं अंपायर बोट दाखवतो, ऑब्स्ट्रक्शन म्हणून ओरडतो, आणि खेळ चालू ठेवतो. सगळी पळापळ संपली की मग टाईम घेऊन हिशेब करतो, रनर स्वतःच पोचला असेल तिथं तर प्रश्नच मिटला, नाही पोचला तर अडथळा नसता तर कुठं असता तिथं नेऊन ठेवायचा. थांबवत नाही ते ह्यासाठी की थांबवलं तर कदाचित रनरचंच नुकसान होईल, बॉल अजून लोळतोय आणि त्याला आणखी एक बेस मिळू शकत असेल तर आपण कशाला हात वर करून त्याची गाडी अडवायची.

पण हा हिशेब आंधळा नाही हं. मी पोरांना लोकल ट्रेनचं उदाहरण देतो, इथल्या पोरांना ते कळत नाही पण त्यांच्या आयांना कळतं. तुम्ही अंधेरीला गाडीत आहात, दादरला उतरायचंय, आणि दारात एक जण ढिम्म उभा, त्याच्यामुळे तुमचं दादर हुकलं. तर न्याय म्हणजे तुम्हाला दादरला आणून सोडणं. आता तुम्ही म्हणालात की साहेब मी तर पुढं चर्चगेटला जाऊन पिक्चर बघणार होतो, तिकिटाचे पैसे द्या, तर तसं नाही चालत. अंपायरच्या डोक्यात अडवलं त्या क्षणी एक बेस ठरतो, तिथपर्यंत रनरला संरक्षण. त्याच्यापुढं धाडस केलं तर स्वतःच्या जबाबदारीवर, टॅग झाला तर आऊट. आणि मधे काही नवीन घडलं, फिल्डरनं बॉल सोडला किंवा भलतीकडे फेकला, तर अंपायर तो अंदाज पुढं सरकवूही शकतो.

आणि बोट दाखवलं म्हणजे बेस मिळाला असं समजून थांबायचं नाही, हे तर मी प्रत्येक सीझनला पहिल्या दिवशी सांगतो. ४ ऑक्टोबर २००३, बॉस्टनचं फेनवे पार्क, प्लेऑफची मॅच, ओकलंडचा मिगेल तेहादा थर्डला वळसा घालताना बॉस्टनच्या बिल म्यूलरशी धडकला. अंपायरनं ऑब्स्ट्रक्शन दाखवलं. तेहादाला वाटलं झालं आपलं काम, रन मिळालाच, आणि पठ्ठ्यानं होमच्या वाटेवर पळणंच सोडलं, रमतगमत चालला. कॅचर व्हेरिटेकनं बॉल घेऊन शांतपणे टॅग केलं. आऊट! ओकलंडवाले हात वर करून ओरडतायत, पण बॉल जिवंत होता आणि होम मिळणारच होता असं काही ठरलेलं नव्हतं. जोर लावून पळाला असता आणि थोडक्यात आऊट झाला असता तर अंपायर म्हणाला असता की टक्कर झाली नसती तर पोचला असता, घे रन. चालत गेल्यावर काय अंदाज करायचा माणसानं? ओकलंड ती मॅच अकराव्या इनिंगमध्ये ३-१ नं हरलं, २-० नं पुढं असलेली सिरीज ३-२ नं घालवली. त्यांचे चाहते अजून हळहळतात म्हणे, मी असतो तर मीपण हळहळलो असतो, पण तेहादावर.

प्रश्न : ऑब्स्ट्रक्शन आणि इंटरफिअरन्स एकच ना? (ठाणे)

नाही. फिल्डिंगवाल्यांनी रनरला अडवलं तर ऑब्स्ट्रक्शन, बॅटिंगवाल्यांनी फिल्डरला अडवलं तर इंटरफिअरन्स. (कॅचर बॅटच्या मधे ग्लोव्ह घालतो त्यालाही इंटरफिअरन्सच म्हणतात, तो अपवाद सोडून द्या, नावं ठेवणाऱ्याची हौस.) मारलेला बॉल फिल्डर घेतोय तर हक्क त्याचा, रनरनं त्याला चुकवून जायचं, नाहीतर रनर आऊट. आणि इथंही मुद्दाम केलं का हे सहसा बघत नाहीत. २३ मे २०२४ ला शिकागोत व्हाईट सॉक्स ओरिओल्सच्या मागे होते पण दोन रनर बेसवर, बॅटरनं इनफिल्डमध्येच (बेसच्या आसपासच्या आतल्या भागात) वर उडवला, सेकंडवरचा अँड्र्यू व्हॉन सहज मागे वळत होता तर शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला फिल्डर) गनर हेंडरसनच्या वाटेत आला. हेंडरसननं कॅच घेतलाही! तरी व्हॉन आऊट, बॅटर इनफिल्ड फ्लायनं आऊट (बेसवर रनर असताना इनफिल्डमध्ये उडालेला सोपा कॅच, तो पकडायच्या आधीच आऊट देतात), डबल प्ले म्हणजे एका फटक्यावर दोन आऊट, आणि मॅच संपली, ८-६. आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे इंझमाम, २००६ ला पेशावरच्या वनडेत रैनाचा थ्रो क्रीजबाहेर उभं राहून बॅटनं अडवला आणि ऑब्स्ट्रक्टिंग द फिल्डखाली आऊट झाला होता. क्रिकेटमधलं ते नाव बेसबॉलमधल्या इंटरफिअरन्सला लागू होतं, ह्यामुळेच सगळा घोळ होतो.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा लिटल लीगमध्ये खेळतो. होमला पळताना कॅचर बॉल नसतानाच प्लेटवर पाय रोवून उभा होता, मुलगा त्याच्यावर आदळला. तिकडचे पालक माझ्याच मुलावर ओरडले. काका, चूक कुणाची? (एक आई, फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

ताई, आधी पोरगं बरं आहे ना? तुम्ही ते लिहिलंच नाहीत, तेव्हा बरंच असणार असं धरून चालतो.

तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर ऑब्स्ट्रक्शन. मोठ्यांच्या नियमात 'बॉल घेण्याच्या क्रियेत' असलेल्याला सूट आहे, म्हणजे थ्रो हवेत आहे, सरळ त्याच्याकडे येतोय आणि इतका जवळ आहे की तिथं उभं राहिल्याशिवाय तो पकडताच येणार नाही, तर चालतं. लिटल लीगनं ती सूटसुद्धा काढून टाकलीय. बॉल हातात नाही आणि बेस, बेसची वाट किंवा प्लेट अडवलीत तर ऑब्स्ट्रक्शन, थ्रो येत होता वगैरे सबब नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे असंच हवं, साठ फुटांच्या बेसवर पोरं एकमेकांवर बोकडासारखी आदळतात आणि हेल्मेट एकालाच असतं असं नाही पण गुडघे सगळ्यांना असतात.

पण दुसरी बाजूही मुलाला सांगा. कॅचरच्या हातात बॉल असेल आणि तो टॅग करायला थांबला असेल तर रनरनं स्लाईड तरी करायचं नाहीतर वळसा घालून जायचा प्रयत्न करायचा, सरळ धडकला तर लिटल लीगमध्ये आऊट. आणि बॉल नसलेला कॅचर मधे दिसला तरी आपण वळसा घालायला लागायचं, कारण ऑब्स्ट्रक्शन मिळायला टक्कर लागतच नाही! हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. थबकावं लागलं, वाट वाकडी करावी लागली, एवढं पुरतं.

माझ्याच मॅचमधली गोष्ट सांगतो. सेकंड बेसजवळची एक पोरगी, ग्लोव्ह डोक्यावर टोपीसारखा घातलेला, पिवळं फुलपाखरू बघत रनरच्या बरोबर वाटेत उभी. बॉल तिकडे राईट फील्डला. फर्स्टवरून सुटलेला मुलगा तिच्यापाशी आला, दोन पावलं थबकला, 'एक्स्क्यूज मी' म्हणाला (खरंच म्हणाला, चांगल्या घरचा मुलगा), तिला वळसा घालून थर्डकडे पळाला आणि तिथं पावलाच्या फरकानं टॅग झाला. मी बोट आधीच दाखवलं होतं, खेळ थांबल्यावर थर्ड दिला. तिचा कोच तणतणत आला, म्हणाला ती पोर काहीच करत नव्हती! मी म्हटलं साहेब, तीच तर तक्रार आहे. तो जो खुन्नस देऊन गेला तो अजून समोर आला की ओळख दाखवत नाही. पोरगी मात्र इनिंग संपल्यावर मला विचारायला आली की फुलपाखरू कुठं गेलं.

मोठ्यांच्या खेळात होम प्लेटचा वेगळा नियम २०१४ पासून आहे, त्याच्यामागे २५ मे २०११ ची सॅन फ्रान्सिस्कोतली धडक आहे. मार्लिन्सचा स्कॉट कझिन्स कॅचर बस्टर पोझीवर असा आदळला की पोझीच्या पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, अख्खा सीझन गेला. त्याआधी कॅचरला उडवणं ही मर्दुमकी समजली जायची. आता रनरनं वाट सोडून मुद्दाम कॅचरवर जायचं नाही आणि कॅचरनं बॉल नसताना वाट बंद करायची नाही, दोन्हीकडून लगाम.

प्रश्न : हल्ली सेकंड बेसवर फिल्डर गुडघा टेकून बसला तरी रनरला सेफ देतात. नियम बदलला का? आणि रिप्लेमध्ये का बघत नाहीत? (नाशिक)

नियम तोच आहे, लावायला लागलेत. कित्येक वर्षं असं चालायचं की रनर चोरून, म्हणजे फटका नसतानाच पळत, सेकंडला येतोय आणि शॉर्टस्टॉप थ्रोची वाट बघताना पाय नाहीतर गुडघा बेसच्या पुढ्यात अलगद टाकून ठेवायचा, दुकानदार अर्धं शटर ओढतो तसं. रनरचा हात गुडघ्यावर आपटायचा, बोटं दुखावायची, आणि वर आऊट. सगळ्यांना दिसायचं, कुणी बोलायचं नाही. २०२४ च्या सीझनच्या आधी मेजर लीगनं क्लबांना कळवलं की आता हे पुकारणार. थ्रो पकडायला तिथं जावंच लागलं तर गोष्ट वेगळी, पण नुसतं आधीपासून शटर ओढून बसायचं नाही.

रिप्लेचं म्हणाल तर होम प्लेटवरची कॅचरची अडवणूक रिप्लेत बघता येते, पण ही बाकीच्या बेसवरची ऑब्स्ट्रक्शन तेव्हा रिप्लेबाहेर ठेवली, अंपायरचा अंदाज तोच अंतिम. मला हे थोडं विचित्र वाटतं, गुडघा बेसपुढं होता की नाही हे कॅमेऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. दिसत नाही ते दुसरंच, की गुडघा नसता तर काय झालं असतं. त्याला कुठला कॅमेरा लावणार?

प्रश्न : बॉल नसताना टॅग करायची नुसती ॲक्टिंग केली तर? आपल्या विराटवर ओरडले होते तसं. (डोंबिवलीचा एक कॉलेजकुमार)

२ नोव्हेंबर २०२२, ॲडलेड, बांगलादेशविरुद्ध, कोहलीनं बॉल नसताना थ्रो केल्याची ॲक्टिंग केली आणि अंपायरनी काही दिलं नाही. फेक फिल्डिंगला पेनल्टी पाच रन आणि भारत जिंकला पाचच रननी, म्हणून बोंब. लिटल लीगमध्ये खोटा टॅग म्हणजे सरळ ऑब्स्ट्रक्शन, कारण पोरगं घाबरून अर्धवट स्लाईड करतं आणि घोटा मोडून घेतं. शाळांच्या नियमातही तसंच. मेजर लीगच्या व्याख्येत मात्र फेक टॅगचं नाव घेऊन बंदी नाही, आणि रनरला गंडवणं तिथं कला समजली जाते. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच बघा, ०-० स्कोर, मिनेसोटाच्या चक नॉब्लॉकनं हातात बॉल नसताना डबल प्ले चालू असल्याचं नाटक केलं, अटलांटाचा लॉनी स्मिथ सेकंडपाशी घुटमळला आणि होमला जायचा राहिला. मिनेसोटा दहाव्या इनिंगमध्ये १-० नं जिंकलं. तिथं कुणी बोट दाखवलं नाही, कारण वाट मोकळी होती, अडला तो स्वतःच्या डोक्यात.

प्रश्न : मग रनरनंच मुद्दाम जाऊन फिल्डरला धडक दिली आणि बेस मागितला तर? (न्यू जर्सी. नाव छापू नका, मुलाचा कोच हे वाचतो)

नाव छापत नाही, पण कोच कोण ते मला साधारण कळलंय.

असली हुशारी पोरं टीव्ही बघून शिकतात. आम्ही रनरचे पाय बघतो, डोळे नाही. तो ज्या वळणानं बेसला वळसा घालत होता त्याच वळणात फिल्डर असेल तर ठीक, पण दोन पावलं बाजूला जाऊन खांदा घासून आला आणि मग माझ्याकडे बघून हात पसरतोय, तर मी त्यालाच विचारतो की बाबा तू इकडं कशाला आला होतास? वाट खुंटली नाही तर ऑब्स्ट्रक्शन नाही. आणि धक्का लागला तरी हिशेब तोच, साधा एक बेसचा फटका मारलाय, बॉल केव्हाच आत आलाय, तर धक्का लागून तुझं काय गेलं? होतास तिथंच थांब. कोचना हेही सांगा की हा अंपायरचा अंदाज असतो, त्यावर प्रोटेस्ट होत नाही. फार तर टाईम घेऊन शांतपणे यावं, दुसऱ्या अंपायरनं काही वेगळं बघितलं का ते विचारायला सांगावं. आमच्याकडे शनिवारी दुसरा अंपायर बऱ्याचदा नसतोच, तरी विचारायला हरकत नाही, तेवढाच मला पाणी प्यायला वेळ मिळतो.